पॉप्युलिझम, राष्ट्रवाद आणि फॅसिझम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजकारणावर वाद सुरू झाला की पाच मिनिटांत कोणीतरी कोणाला तरी फॅसिस्ट म्हणतं, समोरचा म्हणतो देशावर प्रेम करणं गुन्हा झाला का, तिसरा म्हणतो सगळेच पॉप्युलिस्ट आहेत, आणि मग कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. हे तीन शब्द नीट वेगळे करता आले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. इथली बहुतेक उदाहरणं इटलीतली आहेत, कारण फॅसिझम हा शब्दही तिथला आणि ती गोष्टही पहिल्यांदा तिथेच घडली.

तिन्हीतला फरक थोडक्यात सांगाल का?

पॉप्युलिझम म्हणजे राजकारण मांडायची एक पद्धत: एका बाजूला साधे, खरे लोक, दुसऱ्या बाजूला वर बसलेली भ्रष्ट मंडळी, आणि मी त्या खऱ्या लोकांचा आवाज. राष्ट्रवाद म्हणजे निष्ठा, आपलं राष्ट्र आधी आणि त्याचा कारभार आपल्या हातात. फॅसिझम म्हणजे चळवळ आणि नंतर राजवट, जी म्हणते की राष्ट्र सडलंय, त्याचा पुनर्जन्म करायचाय, त्यासाठी विरोधकाला संपवावं लागेल आणि ते संपवणं हे पवित्र काम आहे. फॅसिझमला पहिल्या दोन्ही गोष्टी लागतात. त्या दोघींना मात्र फॅसिझम लागत नाही, त्याच्याशिवाय त्या कित्येक ठिकाणी आरामात जगल्यात.

पॉप्युलिझम म्हणजे निवडणुकीआधी फुकट वाटणं, बरोबर?

नाही, आणि हा घोळ आपल्याकडे शब्दामुळे झालाय. पेपरात पॉप्युलिझमसाठी 'लोकानुनय' किंवा 'लोकरंजनवाद' लिहितात, ते वाचलं की डोळ्यासमोर कर्जमाफी, मोफत वीज, साड्यावाटप येतं. ते अनुनयच आहे, चूक नाही, पण ते कुठलंही सरकार करू शकतं, अगदी तज्ज्ञांचं आणि उच्चभ्रूंचंसुद्धा. पॉप्युलिझमचा गाभा वेगळाय. 'लोक' म्हणजे नेमके कोण हे मीच ठरवणार, आणि जो माझ्याविरुद्ध तो लोकांविरुद्ध, हा दावा म्हणजे पॉप्युलिझम. खिशातून एक पैसा न काढता पॉप्युलिस्ट होता येतं.

आणि तो दरवेळी वाईटच असतो असंही नाही. हा शब्द ज्यांच्यामुळे रूढ झाला ते अमेरिकेतले शेतकरी होते. कापसाचे आणि गव्हाचे भाव पडलेले, रेल्वे कंपन्या मालवाहतुकीचे दर मनाला येईल तसे लावायच्या, सावकार आणि बँका मानेवर बसलेल्या, आपल्याकडच्या कोणत्याही कापूस उत्पादकाला हे चित्र ओळखीचं वाटेल. त्यांनी पीपल्स पार्टी काढली, १८९२ च्या जुलैमध्ये ओमाहा शहरात जाहीरनामा मांडला, आणि त्याच वर्षी त्यांच्या जेम्स वीव्हर नावाच्या उमेदवाराला राष्ट्राध्यक्षपदासाठी दहा लाखांवर मतं पडली. मागण्या काय होत्या, तर उत्पन्नानुसार चढता प्राप्तिकर, रेल्वे सरकारच्या मालकीची, सिनेटर थेट लोकांनी निवडायचे. पक्ष काही वर्षांत मोडला, पण प्राप्तिकर आणि सिनेटची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी १९१३ साली अमेरिकेच्या घटनेत आल्या. तेव्हा पॉप्युलिझम शब्द ऐकला की लगेच कपाळाला आठ्या घालू नका, आधी विचारा की राग कोणावर आहे आणि तो राग खरा आहे का.

राष्ट्रवाद आणि फॅसिझम यात फरक कुठे पडतो? शेवटी दोघंही राष्ट्र राष्ट्रच म्हणतात.

इटलीतच दोन राष्ट्रवाद शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. पहिला मॅझिनीचा. हा जिनोआचा माणूस, १८०५ चा जन्म, इटलीचे तेव्हा तुकडे झालेले आणि उत्तरेत ऑस्ट्रियाची सत्ता. त्याने १८३१ मध्ये 'तरुण इटली' काढली आणि तीन वर्षांनी 'तरुण युरोप', कारण त्याचं म्हणणं असं की जे स्वातंत्र्य मी माझ्या राष्ट्रासाठी मागतो तेच पोलंडलाही मिळालं पाहिजे आणि जर्मनांनाही, राष्ट्रं ही भावंडं आहेत. आणि त्याला राजा नको होता, प्रजासत्ताक हवं होतं.

दुसरा एन्रिको कोर्रादिनीचा. त्याच्या मंडळींनी १९१० मध्ये इटालियन नॅशनॅलिस्ट असोसिएशन स्थापन केली. त्याने मार्क्सवाद्यांची भाषा उचलली आणि उलटी फिरवली: इटली हे गरीब, 'सर्वहारा' राष्ट्र आहे, त्याची लढाई श्रीमंत राष्ट्रांशी आहे, म्हणून देशातल्या देशात मजुराने मालकाशी भांडू नये, दोघांनी मिळून वसाहती जिंकाव्यात. इथे राष्ट्र भावंड राहिलं नाही, शिकारी झालं. हीच संघटना १९२३ मध्ये फॅसिस्ट पक्षात विलीन झाली आणि तिच्यातलाच आल्फ्रेदो रोक्को पुढे मुसोलिनीचा न्यायमंत्री झाला, हुकूमशाहीचे कायदे त्यानेच लिहिले. मारझोड करणारी पोरं फॅसिस्टांची होती पण कायद्याचा मसुदा लिहिणारे शिकलेसवरलेले लोक राष्ट्रवादी गोटातून आले, हे माझ्या मते फार कमी लोकांना माहीत असतं.

गंमत नाही, दुःखाची गोष्ट ही की मॅझिनीचं नाव पुढे दोन्हीकडून घेतलं गेलं. फॅसिस्ट म्हणायचे तो आमचा पूर्वज, आणि फॅसिस्टांशी लढणारा कार्लो रोस्सेल्लीसुद्धा त्याच्याच विचारातून बळ घ्यायचा. रोस्सेल्लीने १९२९ मध्ये पॅरिसमध्ये 'न्याय आणि स्वातंत्र्य' ही संघटना उभी केली आणि १९३७ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये त्याचा भावासकट खून झाला. तेव्हा कोणी कुठल्या थोर माणसाचा फोटो लावलाय यावरून काही कळत नाही.

राष्ट्रवादी हिंसा प्रत्यक्षात कशी दिसत होती?

भाषेपासून सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर त्रिएस्ते आणि आसपासचा भाग इटलीकडे आला, तिथे स्लोव्हेनियन बोलणारे भरपूर. त्यांचं त्रिएस्तेतलं 'नारोद्नी दोम', म्हणजे सांस्कृतिक केंद्र, १३ जुलै १९२० ला फॅसिस्टांनी जाळलं. अजून मुसोलिनी सत्तेच्या जवळपासही नव्हता. सत्ता आल्यावर स्लोव्हेनियन शाळा गेल्या, दक्षिण तिरोलमधल्या जर्मन शाळा गेल्या, गावांची नावं बदलली, माणसांची आडनावंसुद्धा इटालियन करून घेतली. आणि एवढ्यावर थांबले नाहीत, १९३८ मध्ये खुद्द इटालियन भाषेतलं आदरार्थी संबोधन 'लेई' हे बायकी आणि परकं ठरवून बंद केलं आणि 'वोई' म्हणायची सक्ती केली. उद्या सरकारने फतवा काढला की 'आपण' म्हणायचं नाही, सगळ्यांनी 'तुम्ही'च म्हणायचं, तर कसं वाटेल? राज्य माणसाच्या तोंडात शिरतं ते असं.

फॅसिझम हा शब्द आला कुठून? फाशीशी संबंध आहे का?

फाशीशी काही संबंध नाही, हिंदीतल्या 'फासीवाद'मुळे तसं वाटतं आणि बरेच जण 'फाशीवाद' टाईपही करतात. इटालियनमध्ये 'फाशो' म्हणजे जुडी, मोळी. शाळेत आपण सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलीय, म्हातारा बाप मुलांना एकेक काठी मोडायला देतो आणि मग मोळी देतो, ती मोडत नाही. तोच अर्थ, एकी. १८९० च्या दशकात सिसिलीतल्या गरीब शेतकऱ्यांच्या संघटनांनाही 'फाशी'च ('फाशो'चं अनेकवचन) म्हणायचे आणि त्या चक्क डाव्या होत्या. मुसोलिनीने त्याला प्राचीन रोमचं चित्र जोडलं: तिथे अधिकाऱ्याच्या पुढे चालणारे सेवक काठ्यांची जुडी घेऊन चालायचे आणि त्या जुडीत एक कुऱ्हाड बांधलेली असायची. शाळेतल्या गोष्टीतल्या मोळीत कुऱ्हाड नव्हती, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

मुसोलिनी तर समाजवादी होता. मग फॅसिझम डावाच ना?

होता, अगदी खराखुरा. बाप लोहार आणि कट्टर समाजवादी, मुलाचं नाव मेक्सिकोच्या बेनितो हुआरेसवरून ठेवलेलं. १९१२ मध्ये तो समाजवादी पक्षाच्या 'अवांती' या दैनिकाचा संपादक झाला. १९१४ मध्ये युद्धात उतरावं की नाही यावरून त्याने अचानक भूमिका बदलली, युद्धाच्या बाजूने गेला, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये पक्षाने त्याला काढून टाकलं.

२३ मार्च १९१९ ला मिलानमध्ये त्याने पहिली सभा घेऊन संघटना काढली तेव्हाचा त्यांचा कार्यक्रम वाचला तर चक्रावायला होतं. बायकांना मत, आठ तासांचा दिवस, युद्धात कमावलेल्या नफ्यावर जबर कर, सिनेट बरखास्त. हा त्यांचा पॉप्युलिस्ट काळ म्हणा हवं तर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली, त्यांना मिलानसारख्या शहरात पाच हजारसुद्धा मतं पडली नाहीत, एकही जागा नाही. लोकांचा आवाज म्हणवणाऱ्यांना लोकांनी सरळ घरी पाठवलं.

मग ते वाढले कसे, तर लाठीने. १९१९ आणि २० ही दोन वर्षं संपांची होती, शेतमजुरांनी पो नदीच्या खोऱ्यात मजुरीचे दर आणि कामावर कोणाला घ्यायचं हे आपल्या संघटनांमार्फत ठरवायला सुरुवात केली, सप्टेंबर १९२० मध्ये कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले. जमीनदार घाबरले आणि चिडलेही. त्यांनी युद्धावरून परत आलेल्या बेकार पोरांच्या टोळ्यांना पैसे दिले, ट्रक दिले. काळे शर्ट घालून या टोळ्या रात्री गावात शिरायच्या, मजूर संघटनेचं ऑफिस जाळायच्या, सहकारी दुकान फोडायच्या, गावातल्या पुढाऱ्याला बायकामुलांसमोर बदडायच्या आणि जबरदस्तीने एरंडेल पाजायच्या. माणसाला मारूनही टाकायचे, पण एरंडेलचा उद्देश वेगळा होता, त्याची अब्रू चारचौघात घालवायची म्हणजे तो परत बोलायला उभा राहणार नाही. फेर्रारामध्ये इतालो बाल्बो, क्रेमोनामध्ये फारिनाच्ची, एकेका जिल्ह्याचे हे सुभेदारच झाले. १९२० च्या शेवटी वीसेक हजार सदस्य असलेली संघटना वर्षभरात दोन लाखांच्या वर गेली. बायकांच्या मताचं आणि नफ्यावरच्या कराचं पुढे काय झालं ते विचारू नका. म्हणून उत्तर असं की नेता डावीकडून आला, पण ज्या पैशावर आणि ज्या कामासाठी चळवळ मोठी झाली ते काम शेतमजुरांच्या संघटना मोडायचं होतं.

पण तो निवडणूक जिंकूनच सत्तेवर आला ना? म्हणजे लोकांचीच चूक.

हा समज इतका पसरलाय की याचं उत्तर लांबलं तरी चालेल.

१९२१ च्या मे महिन्यात निवडणूक झाली तेव्हा जुना मुरलेला पंतप्रधान जोलित्ती होता. त्याचा हिशोब असा की या पोरांना आपल्या आघाडीत घेऊ, समाजवाद्यांना जरा वचक बसेल, मग पोरं संसदेत बसून माणसाळतील. फॅसिस्टांना ३५ जागा मिळाल्या, सभागृह पाचशेच्या वरचं. पस्तीस. त्यानंतर १९४६ पर्यंत इटलीत मुक्त निवडणूक झालीच नाही.

२८ ऑक्टोबर १९२२ चा 'रोमवर मोर्चा' चित्रांत फार शूर दिसतो. प्रत्यक्षात पावसात भिजलेले, अर्धवट शस्त्रं असलेले काळे शर्टवाले रोमच्या बाहेर थांबलेले होते आणि सैन्य ठरवतं तर त्यांना अडवू शकलं असतं. पंतप्रधान फाक्ताने लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला, सहीसाठी राजाकडे नेला, आणि राजा वित्तोरिओ एमान्युएले तिसरा याने सही केली नाही. संपलं. मुसोलिनी तोपर्यंत मिलानमध्येच होता, सरकार स्थापनेचं बोलावणं आल्यावर तो रात्रीच्या ट्रेनने, झोपायच्या डब्यातून रोमला आला. वय ३९.

आणि मग नोव्हेंबरमध्ये संसदेत विश्वासदर्शक ठराव, बाजूने ३०६, विरोधात ११६. ज्याच्याकडे ३५ माणसं त्याला ३०६ मतं. उरलेली कोणाची होती? उदारमतवादी, कॅथलिक पक्षाचे, जुने राष्ट्रवादी, घरंदाज, सुसंस्कृत लोक. आणि त्याआधी १६ नोव्हेंबरच्या भाषणात मुसोलिनीने त्यांना तोंडावर सांगितलं होतं की मनात आणलं असतं तर या सभागृहाची मी माझ्या पथकांची छावणी केली असती. हे ऐकूनही दिली. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, काळे शर्टवाले नाहीत, हे हात वर करणारे लोक.

जर्मनीत आकडे मोठे आहेत पण वळण तेच. नाझींना जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के, नोव्हेंबरमध्ये उतरून ३३ टक्के, मोकळ्या निवडणुकीत बहुमत कधीच नाही. ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, नेमलं, कारण माजी चॅन्सेलर पापेन आणि मंडळींना वाटलं आपण त्याला मुठीत ठेवू. मार्चमध्ये सगळे अधिकार त्याला देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ ने पास झाला. ते ९४ सगळेच्या सगळे सोशल डेमोक्रॅट होते, कम्युनिस्ट खासदार त्याआधीच तुरुंगात किंवा भूमिगत.

तर लोकांची चूक नव्हती असं मी म्हणत नाही, लाखोंनी मतं दिलीच. पण दार आतून उघडलं गेलं, आणि उघडणारे पॉप्युलिस्ट नव्हते, प्रस्थापित होते.

हुकूमशाही नेमकी कोणत्या दिवशी सुरू झाली?

एक दिवस सांगायचाच तर ३ जानेवारी १९२५. पण त्याच्या मागे एक माणूस आहे, जाकोमो मात्तेओत्ती. १९२३ मध्ये नवा निवडणूक कायदा आला होता, ज्या यादीला सगळ्यात जास्त आणि किमान २५ टक्के मतं मिळतील तिला दोनतृतीयांश जागा. एप्रिल १९२४ ची निवडणूक मारहाणीच्या जोरावर झाली. ३० मे ला समाजवादी खासदार मात्तेओत्ती उभा राहिला, आणि आरडाओरडा, धमक्या सहन करत एकेका जिल्ह्यात काय काय झालं ते वाचत गेला आणि ही निवडणूक रद्द करा म्हणाला. १० जूनला रोममध्ये टायबर नदीच्या काठी त्याला भर दिवसा गाडीत कोंबलं. १६ ऑगस्टला शहराबाहेर प्रेत सापडलं.

देश हादरला, फॅसिस्ट बिल्ले लोकांनी कोटावरून काढले, काही आठवडे असं वाटत होतं की सरकार पडणार. विरोधी खासदार संसद सोडून बाहेर पडले आणि वाट बघत बसले की राजा काहीतरी करेल. राजाने काही केलं नाही. जानेवारीत मुसोलिनी संसदेत आला आणि म्हणाला की जे झालं त्याची राजकीय, नैतिक, ऐतिहासिक जबाबदारी मी एकटा घेतो. कोणी हात लावला नाही. पुढच्या दोन वर्षांत बाकीचे पक्ष बंद, संपावर बंदी, खास न्यायालय, गुप्त पोलिस, आणि नोव्हेंबर १९२६ मध्ये खासदार असलेल्या कम्युनिस्ट नेत्या ग्राम्शीलाही अटक.

पण लोकांना तो आवडत होताच की?

बऱ्याच जणांना आवडत होता, खरं आहे. पण आवडणं मोजायचं कसं? १९२९ मध्ये मतदान झालं, एकच यादी, हो किंवा नाही. 'हो'ची मतपत्रिका इटलीच्या झेंड्याच्या तिरंगी रंगांची, 'नाही'ची पांढरी, आणि मतदान केंद्रावर काळे शर्टवाले उभे. ९८ टक्के हो. १९३१ मध्ये विद्यापीठातल्या सगळ्या प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली, बाराशेच्या आसपास प्राध्यापक, नकार देणारे बाराच्या आसपास. बाकीचे सगळे फॅसिस्ट होते? मुळीच नाही. घर होतं, पगार होता, पोरं होती. मी त्यांना नावं ठेवायला धजत नाही, पण ते बाराजण मला फार मोठे वाटतात.

मग पॉप्युलिझम आणि फॅसिझम यांच्यातली रेषा नेमकी कुठे?

पॉप्युलिस्टाला निवडणूक लागते. त्याचा सगळा दावाच असा की लोक माझ्यासोबत आहेत, आणि ते सिद्ध करायला त्याला पुन्हा पुन्हा मतपेटीकडे जावं लागतं, मग तो नियम वाकवेल, चॅनेल विकत घेईल, न्यायाधीशांना शिव्या देईल, पण मतमोजणी पूर्णच बंद केली तर त्याच्या पायाखालची जमीन जाते. फॅसिस्टाला मतमोजणी म्हणजेच रोग वाटतो. त्याच्या लेखी लोक मत देऊन बोलत नाहीत, नेता बोलला की लोक बोलले. २८ ऑक्टोबर १९२५ ला मिलानमध्ये मुसोलिनी म्हणाला ते प्रसिद्धच आहे, सगळं राज्याच्या आत, राज्याबाहेर काही नाही, राज्याविरुद्ध काही नाही. यात 'लोक' कुठे आहेत शोधून बघा.

दुसरा फरक हिंसेचा. पॉप्युलिस्टही शत्रू ठरवतो, जिभेने ओरबाडतो, कधी कधी तुरुंगातही टाकतो. फॅसिझममध्ये मारणं हे साधन राहत नाही, ते संस्कार होतं, पोरांना लहानपणापासून शिकवायचं, मिरवायचं, त्याची गाणी करायची.

पेरॉन फॅसिस्ट होता की पॉप्युलिस्ट?

अर्जेंटिनाचा हुआन पेरॉन हे या रेषेवरचं सगळ्यात चांगलं उदाहरण, कारण तो दोन्हीकडून ओढला जातो. लष्करी अधिकारी, १९३९ ते ४१ इटलीत होता, मुसोलिनीची व्यवस्था जवळून बघितली आणि त्याला ती आवडली, हे त्याने लपवलंही नाही. १९४३ च्या लष्करी बंडानंतर कामगार खातं हातात घेतलं आणि कामगारांना खरोखर दिलं: पगारवाढ, सुट्ट्या, वर्षाअखेरचा तेरावा पगार. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्याच्याच लष्करी सहकाऱ्यांनी त्याला अटक केली, तेव्हा १७ तारखेला ब्यूनोस आयर्सच्या उपनगरांतले कामगार चालत शहरात आले, मुख्य चौक भरून गेला, आणि रात्री पेरॉनला सोडावं लागलं. वरच्या वर्गाने त्यांना 'बिनशर्टवाले' म्हणून हिणवलं, त्यांनी तेच नाव अभिमानाने लावलं.

इथे मुसोलिनीशी तुलना करून बघा. त्याच्या पोरांनी मजूर संघटनांची ऑफिसं जाळली, पेरॉन मजूर संघटनांच्या खांद्यावर बसून आला. फेब्रुवारी १९४६ मध्ये तो खऱ्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकला, १९४७ मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला, त्यात त्याची बायको एव्हिता हिचा वाटा मोठा, आणि १९५१ मध्ये पुन्हा जिंकला.

म्हणून तो लोकशाहीवादी झाला का, तर नाही. विरोधी पक्षाच्या रिकार्दो बाल्बिनला तुरुंगात टाकलं, 'ला प्रेन्सा'सारखं मोठं दैनिक १९५१ मध्ये काढून घेऊन कामगार संघटनेला दिलं, शाळेच्या पुस्तकात स्वतःचे आणि बायकोचे गोडवे घातले. पण बाल्बिन तुरुंगातून सुटला आणि १९५१ मध्ये त्याच्याविरुद्ध निवडणूक लढला, हरला आणि जिवंत राहिला. मात्तेओत्तीचं काय झालं ते वर लिहिलंय. माझ्यापुरता फरक या दोन माणसांमध्ये सामावतो. पेरॉनने फॅसिझम बघितला होता, पण १९४५ नंतरच्या जगात तो तसाच्या तसा चालणार नाही हे त्याला कळलं होतं, म्हणून त्याने त्यातला नेता आणि चौक ठेवला आणि मतपेटी परत आणली.

असा पॉप्युलिझम आहे का जो फॅसिझम सोडून कुठेतरी वेगळीकडेच गेला?

आहे, आणि तोही इटलीतच. डिसेंबर १९४४, रोम नुकतं मोकळं झालेलं, उत्तरेत अजून युद्ध चालू, आणि गुल्येल्मो जान्नीनी नावाच्या नाटककाराने एक साप्ताहिक काढलं, नाव 'सामान्य माणूस'. चिन्ह काय, तर यंत्राच्या दाबात पिळला जाणारा बारका माणूस. त्याचं म्हणणं, फॅसिस्ट, अँटीफॅसिस्ट, सगळे राजकारणी सारखेच, आम्हाला एकटं सोडा, राज्य चालवायला एक चांगला हिशोबनीस पुरेसा आहे. १९४६ च्या घटनासमितीच्या निवडणुकीत त्यांना ५ टक्क्यांवर मतं आणि ३० जागा मिळाल्या. दोन वर्षांत सगळं विरून गेलं. त्याच्यात जुने फॅसिस्ट शिरले होते हे खरं, पण ज्याला राज्यच नको तो 'सगळं राज्याच्या आत' कसं म्हणणार? पॉप्युलिझममधून फॅसिझम होतोच असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण बघावं.

कम्युनिस्ट राजवटींनीही माणसं मारली, मग त्यांना फॅसिस्ट का नाही म्हणायचं?

मारली, लाखोंनी, आणि ते कमी वाईट नव्हतं. पण मुसोलिनीने राजा ठेवला, १९२९ मध्ये पोपशी करार केला, कारखानदार आणि जमीनदार जागच्या जागी ठेवले. स्टालिनने यातलं काहीच ठेवलं नाही. दोन वेगवेगळे रोग आहेत, दोन्हींना एकच नाव दिलं तर एकाचंही निदान होणार नाही.

आजच्या एखाद्या नेत्याला फॅसिस्ट म्हणू का?

म्हणण्याआधी चार गोष्टी बघा. त्याच्याकडे स्वतःची मारझोड करणारी माणसं आहेत का आणि पोलिस त्यांच्याकडे कानाडोळा करतात का. हरला तर खुर्ची सोडतो का. विरोधक त्याच्या लेखी चुकलेला माणूस आहे की उपटून टाकायची घाण. आणि आदरणीय मंडळी त्याच्याबद्दल काय म्हणतायत, 'सत्ता आली की निवळेल' असं म्हणत असतील तर मला भीती वाटते, जोलित्ती हेच म्हणायचा.

हंगेरीत व्हिक्टर ओर्बान २०१० मध्ये दोनतृतीयांश जागा घेऊन आला, नवी राज्यघटना केली, निवडणूक कायदा असा केला की २०१४ मध्ये ४५ टक्के मतांवर पुन्हा दोनतृतीयांश जागा मिळाल्या, त्याच वर्षी 'अनुदार राज्य' हवं असं जाहीर बोलला, आणि बुडापेस्टमधल्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला आपलं शिक्षण व्हिएन्नाला हलवावं लागलं. हे गंभीर आहे, फार गंभीर आहे. पण रात्री ट्रक भरून कोणी आलं नाही, कोणी एरंडेल पाजलं नाही. मी याला राष्ट्रवादी पॉप्युलिझमने लोकशाही पोखरणं म्हणेन. आणि इटलीत २०२२ पासून पंतप्रधान असलेल्या जॉर्जा मेलोनीच्या पक्षाच्या चिन्हात आजही ती तिरंगी ज्योत आहे जी १९४६ मध्ये मुसोलिनीच्या उरलेल्या माणसांनी काढलेल्या पक्षाची होती. मुळं तिथली आहेत, ते लपवायचं कारण नाही. पण न्यायालयं, संप, विरोधी पक्ष चालू आहेत, म्हणून तिथल्या राजवटीला फॅसिस्ट म्हणणं मला पटत नाही. शब्द जपून वापरला तर ज्या दिवशी खरोखर लागेल त्या दिवशी तो ऐकला जाईल.

मराठी माणसाचा या सगळ्याशी काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा. मॅझिनीचं आत्मचरित्र मराठीत आणलं सावरकरांनी, १९०७ मध्ये, आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. गुलाम देशातल्या तरुणांना मॅझिनी आपला वाटला यात नवल नाही. नंतर हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोमला गेले, मुलांना लष्करी शिस्त लावणाऱ्या फॅसिस्ट संस्था बघितल्या, १९ तारखेला मुसोलिनीला भेटले, आणि १९३७ मध्ये नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. त्या काळात मुसोलिनीला बरेच जण भेटत होते, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गांधीजीही भेटले. भेटीवरून माणसाचं माप काढू नये, पण बघून आल्यावर काय भावलं आणि काय सोबत आणलं हे विचारायला हरकत नाही, आणि मुंजेंना तिथे जे बघायला मिळालं ते भावलं होतं.

आणि मग ते मराठी लोक, ज्यांनी फॅसिझमवर काही वाचलं नसेल पण त्याच्याशी समोरासमोर लढले. पाचवी मराठा लाईट इन्फंट्री इटलीत होती. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, वय २२, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे मशीनगनने पडले, तेव्हा ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, ती बंद पाडली आणि तिथेच शत्रूच्या गोळीने गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि आता तिथल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाचं स्मारक आहे, सूर्यघड्याळाच्या रूपातलं. ते ज्यांच्यासाठी लढले ते साम्राज्य त्यांच्याच देशाला गुलाम करून बसलं होतं, हेही तितकंच खरं आहे आणि मला यातली एक बाजू पुसून दुसरी ठेवता येत नाही.

दुसरे शिपाई नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. हा रोमान्याचा भाग, मुसोलिनीचं जन्मगाव प्रेडाप्पिओ याच भागातलं. जाधवांनी गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना एकेक करून नदीपार सुरक्षित आणलं, परत जाऊन मशीनगनच्या चौक्या उडवल्या, हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून ग्रेनेड घेतले, आणि शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावलं. एकोणीस दिवसांनी, २८ एप्रिलला, उत्तरेत कोमो सरोवराजवळ पार्टिझननी, म्हणजे फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या इटालियन बंडखोरांनी, मुसोलिनीला गोळ्या घातल्या.